तुझं तोंड, माझा आवाज

गया,

तुझ्या घरी भेटायला आले तेव्हा सतरंजीवर बसलेल्या बायकांपैकी एकीनं मला विचारलं, "तुमी गयाबाईच्या कोन?"

मी म्हणाले, "मैत्रीण."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिला ते पटलं नसावं, आणि तिचंही बरोबर होतं. तू पिशोरची, चितेगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळून रिटायर झालेली. मी पुण्याहून लग्न होऊन इथं आलेली शाळामास्तरीण. आपलं गाव एक नाही, नातं नाही, शेजार नाही. भेट झाली तीसुद्धा दोघींचे गुडघे दुखायला लागल्यावर. खरं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. टीव्हीवर हिच्या तोंडून जो आवाज यायचा तो माझा होता. पण असं काही बोललं की सगळे आपल्याकडं बघायला लागतात, आणि त्या दिवशी सगळ्यांनी तुझ्या फोटोकडं बघायला हवं होतं. म्हणून मैत्रीण म्हणाले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मैत्रीण कशाची, सवत हाय माझी."

आपली पहिली भेट झाली तेव्हा तू तिथं नव्हतीसच. पुण्यात एका जुन्या घराच्या तळघरात छोटा स्टुडिओ होता. मी तेव्हा रेडिओच्या नाटिकांमधून बारीकसारीक कामं करायची. लग्न ठरलेलं होतं. कुणीतरी निरोप दिला की एका मालिकेच्या नायिकेला आवाज द्यायचा आहे. मालिकेचं नाव 'कौसाचा आड'. कौसाचा नवरा गाव सोडून निघून गेलेला, गावच्या आडावर तिला पाणी भरू देत नाहीत, आणि मग ती आपल्या बांधालगत स्वतःचा आड खणायला घेते. तेरा भाग. सगळं चित्रीकरण पिशोरच्या शिवारात झालेलं. दिग्दर्शकांना सगळे नाना म्हणायचे. नानांनी गावातल्याच माणसांकडून, त्यांच्याच बोलीत कामं करून घेतली होती. पण मालिका दाखवणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं की ही भाषा बाकीच्या महाराष्ट्राला कळायची नाही. म्हणून सगळ्या मुख्य पात्रांना नवे आवाज आणि नवी वाक्यं.

समोरच्या लहान पडद्यावर तू होतीस. उन्हानं रापलेली, पदर खोचलेला, हातात टिकाव. तुझं नाव मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी तुझ्या ओठांकडं बघत होते, कारण तेच माझं काम होतं. तू 'लई' म्हणायचीस आणि माझ्या कागदावर 'खूप' असायचं. 'लई' म्हणताना ओठ उघडे राहतात, 'खूप' म्हटलं की मिटतात. मग मी तो शेवटचा 'प' गिळायचे. तू 'व्हय' म्हणायचीस तेव्हा तुझे दात खालच्या ओठाला लागायचे. माझ्या कागदावर नुसतं 'हो'. मग त्या 'हो'च्या आधी मी एक उसासा घालायचे, म्हणजे जागा भरायची. पुढं लोक म्हणाले, कौसाच्या बोलण्यात केवढं दुःख आहे! त्यातलं निम्मं दुःख ओठ जुळवण्याचं होतं.

मालिका लागली, लोकांना आवडली, संपली. मी लग्न होऊन औरंगाबादला आले. संसार झाला, नोकरी झाली, शहराचं नाव बदललं. एवढी सगळी वर्षं तू इथंच, पैठण रोडवरच्या चितेगावात राहत होतीस. क्रांती चौकात सिग्नल सुटायची वाट बघत आपण कितीदा शेजारी उभ्या राहिलो असू. ओळखायचं कसं? तू मला कधी पाहिलेलंच नव्हतंस. आणि माझ्या डोक्यात तू होतीस ती टिकाव घेतलेली, पंचविशीतली.

नाना गेले. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांची मुलगी केतकी माझा पत्ता शोधत आली. चाळिशी ओलांडलेली, हुशार, घाईघाईनं बोलणारी. म्हणाली, "मावशी, बाबांची मालिका मला परत लोकांना दाखवायचीय."

मला वाटलं, त्यात काय एवढं! कुठंतरी कॅसेट पडलेल्या असतील, त्या लावायच्या. केतकीनं सांगायला सुरुवात केली तेव्हा कळलं. दाखवणाऱ्यांकडची मूळ प्रत कधीच पुसली गेली होती. तेव्हा टेप महाग असायच्या, त्यामुळं एकावर दुसरं भरायचे. नानांनी स्वतःसाठी ठेवलेली प्रत लोखंडी पेटीत होती आणि पेटी माळ्यावर. त्या जाडजूड कॅसेटींना पांढरी बुरशी लागलेली. त्या चालवायचं यंत्र आता कुणाकडं नाही. मुंबईत एका गृहस्थांकडं सापडलं, तर ते बंद. ते दुरुस्त होईपर्यंत पावसाळा आला आणि कॅसेटी आणखी ओलावल्या. शेवटी एकेक सुकवून, हातानं पुसून, देवाचं नाव घेऊन लावायची, कारण ती दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नाही. दोन भाग तर पेटीत नव्हतेच. ते जालन्यातल्या एका घरात टीव्हीवरून भरून ठेवलेल्या कॅसेटवर निघाले. त्यात कौसा सासऱ्याला जाब विचारत असताना मध्येच कुणाची तरी हळद सुरू व्हायची आणि बायका नाचायला लागायच्या. सासऱ्यानं काय उत्तर दिलं ते आता कुणालाच कळणार नाही.

मग हक्कांचं लचांड. मालिकेत पैसा घालणारे वारले होते आणि त्यांच्या दोन मुलांचं एकमेकांशी बोलणं बंद. एकाची सही घेतली की दुसरा बिथरायचा. इंटरनेटवर दाखवणारे म्हणाले, "फार संथ आहे, कापा. पहिल्या दृश्यात बाई नुसती चालतेय." केतकी त्यांना म्हणाली, "चालतेय, कारण पाणी लांब आहे." ते हसले आणि पुन्हा म्हणाले, कापा. केतकीनं कापलं नाही. दुसरे दाखवणारे शोधले.

शेवटच्या तीन भागांचं आणखी वेगळंच झालं. चित्र स्वच्छ होतं, आवाज नव्हता. केतकी म्हणाली, टेपवर आवाजाची पट्टी कडेला असते आणि ओल कडेनंच शिरते. "मावशी, तेवढ्या तीन भागांत कौसाला तुम्ही पुन्हा आवाज द्याल? बाकीच्यांचं मी बघते."

मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, मी मनातून हरखले होते. एवढ्या वर्षांनी कुणीतरी माझा आवाज मागत होतं. फक्त आधी तुझी सही लागणार होती, आणि तू केतकीचा फोन उचलत नव्हतीस. मग मी लावला.

"नमस्कार, मी माधुरी बोलतेय."

तू म्हणालीस, "ह्या आवाजाची वाट बघत व्हते मी. भांडायला. या घरी."

तुमच्या चितेगावच्या घराच्या दारात जाड चष्म्याची, पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. मी तुला ओळखलं नाही. बोलायला तोंड उघडलंस तेव्हा ओळखलं, ओठांवरून. तुझे यजमान भाऊराव पाणी देऊन बाहेर गेले. तू चहा ठेवलास, भरपूर साखर घातलीस आणि चहा माझ्या हातात देता देता म्हणालीस, "सही देत नाय मी."

"का हो?"

"कामून द्यावी? त्यात मी नायच."

मग तू पिशोरची ती संध्याकाळ सांगितलीस. गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीचा. तू साऱ्या गावाला सांगून ठेवलेलं. बाया कामं आटपून, पोरं काखेला मारून आलेल्या. तुझी आई अगदी पुढं. नावांच्या पाट्या गेल्या, तुझं तोंड आलं आणि तोंडातून माझा आवाज. मग मागून कुणीतरी म्हणालं, "गयी पुन्याची झाली रे!" आणि गाव हसलं. आई हसली नाही. घरी जाताना वाटेत तिनं विचारलं, "गये, तवा तुझा घसा बसला व्हता का गं?"

"व्हय म्हन्ले," तू मला सांगितलंस. "काय सांगू तिला? बसला व्हता म्हन्ले. म्हातारी मरेस्तोवर तेच समजून राह्यली."

अशा वेळी माणसानं गप्प बसावं, तर ते नेमकं बोलतं. मी म्हणाले, "पण गयाबाई, कौसा लोकांना आवडली ती—"

"तुमच्या आवाजानं."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मंग कसं म्हनायचं व्हतं? आवो बाई, लोकायच्या ध्यानात माझं तोंड हाय आन् तुमचा आवाज हाय. दोघीतली एकबी पुरी ध्यानात नाय कुनाच्या."

खरंच होतं ते. पाट्यांत तुझं नाव तरी होतं, माझं तर कुठंच नव्हतं. चहा निवला होता. तो तसाच पिऊन टाकला आणि विचारलं, मग करायचं काय? तू तयारच होतीस. तुझी अट अशी, की ते मुके तीन भाग तू स्वतः बोलणार. आणि ते जमलं की उरलेले दहासुद्धा.

केतकीला फोनवर सांगितलं तर ती हादरली. "मावशी, पडद्यावर पंचविशीची बाई आहे. त्यांचा आवाज आता..."

फोन स्पीकरवर होता. तू म्हणालीस, "तुमची ही मावशी काय सोळा वर्षाची हाय? असं समजा, कौसा म्हातारी झालीय आन् आपली गोष्ट आपनच सांगू राह्यली."

केतकी तयार झाली. मी मात्र थोडी खट्टू झाले होते. आवाज माझा मागितला होता आणि तो तुझा ठरला. घरी परतताना रिक्षात स्वतःशी पुटपुटत आले.

क्रांती चौकाजवळ एका दुकानाच्या वर तो स्टुडिओ. एरवी तिथं आरत्या आणि निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा भरल्या जायच्या. खालून मोठा हॉर्न आला की रेकॉर्डिंग करणारा रफिक हात वर करायचा. "आंटी, हॉर्न आ गया. फिरसे." पहिल्या दिवशी तू माइकपुढं उभी राहिलीस आणि पडद्यावरच्या स्वतःकडं बघतच राहिलीस. "किती वाळकी व्हते मी," म्हणालीस. मग पदरानं चष्मा पुसलास आणि माझ्याकडं वळलीस. "ही काय बोल्तीय?"

ओठ तुझे, आणि विचारत होतीस मला. नानांनी लिहिलेले कागद कधीच गेले होते, पुण्याचे कागदही. एवढ्या वर्षांत तुझी वाक्यं तुलाही आठवत नव्हती. पण ते ओठ माझ्याइतके कुणी बघितले असतील? मी म्हणाले, "इथं ओठ मिटतात. मग उघडतात. मग पुन्हा मिटतात."

तू डोळे बंद केलेस. स्वतःशीच काहीतरी पुटपुटलीस आणि एकदम म्हणालीस, "माप! माप काढ म्हन्तीय. आडाचं माप. किती परस खोल झाला ते."

आणि बोललीस. "माप काढ. तीन परस झाला का बघ." खरखरीत, जरा दम लागलेला आवाज, आणि पडद्यावरचे ओठ त्याच्यावर असे बसले की केतकी खुर्चीतून उठून उभी राहिली. पुण्यात जिथं जिथं मी श्वास आणि उसासे भरले होते तिथं तिथं तुझे शब्द होते. दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की कौसा दुःखी नव्हतीच. ती चिडलेली होती. चांगलीच चिडलेली, आणि मधूनच समोरच्याची थट्टा करत होती. मी इतकी वर्षं एका निराळ्याच बाईला ओळखत होते.

मी सांगायची कुठं मिटतात, कुठं उघडतात, आणि तू शब्द शोधायचीस. कधी दोघींचं अडायचं. एकदा मी सुचवायला म्हणून तुझ्यासारखं 'लई' म्हणून बघितलं. तू हसून हसून खाली बसलीस. "नको बाई. तुमच्या तोंडात लई म्हंजी भाकरीत खडा."

बाराव्या भागात दीर येऊन आडात माती लोटतो आणि कौसा कडेला बसून रडते. ते काही तुला जमेना. खोकला यायचा नाहीतर हसू. शेवटी माइकपासून बाजूला झालीस. "मला नाय येत रडायला. तवाबी नव्हतं आलं. नानानं डोळ्यात काय काय घातलं व्हतं. तुझं रडनं बेस व्हतं, मी ऐकलंय. तू रड."

मी रडले. रफिकनं ते पहिल्याच वेळी घेतलं. त्या भागात बोलणं तुझं आहे आणि रडणं माझं, आणि सांध्यावर बोट ठेवता येत नाही. तू मला पहिल्यांदा 'तू' म्हणालीस ती त्या दिवशी. पुन्हा कधी 'आवो बाई'वर गेली नाहीस.

काम संपलं की चौकातल्या हॉटेलात चहा, आणि चहाबरोबर तेच भांडण. उरलेल्या दहा भागांचं. तू म्हणायचीस, समदे बदलू. मी म्हणायची, नको. तेव्हा घराघरांत जे ऐकलं गेलं तेही काहीतरी होतंच ना? कुठं नागपुरात, कुठं साताऱ्यात एखादी बाई त्या आवाजाला धरून बसली असेल. तो आपण पुसला तर टेप पुसणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय?

"त्यायनी माझा पुसला तवा कोन आडवं आलं?" तू विचारायचीस.

"म्हणून आता माझा पुसायचा?"

"पुसायचा कशाला, तू जवळ बस की माझ्या. रडायला हाईसच."

मग आपण हसायचो आणि पुन्हा मुद्द्यावर यायचो. मी प्रत्येक वेळी काहीतरी नवं बोलायची आणि तू शेवटी म्हणायचीस, "मंग माझ्या आईचं काय?" त्यापुढं माझं काही चालायचं नाही, आणि तरी मी मान्यही करायची नाही. आज तू असतीस तरी केलं नसतं. तुला ते माहीत होतं, म्हणून तर तू चहाचे पैसे देऊन मोकळी व्हायचीस आणि म्हणायचीस, "ऱ्हाऊ दे, बाकीचं उद्या भांडू."

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. सांगेन सांगेन म्हणत होते, पण भांडणात शिरायला तिला फटच मिळाली नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी सासरी ठरलं की मी शाळा सोडायची. सगळे जेवायला बसले होते. मला तोवर कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. मी वाढायचं थांबवलं, हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी जाणार." आवाज माझाच होता. पण हनुवटी तशी वर करून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून थांबायचं, दुसरं वाक्य बोलायचं नाही, हे तुझं होतं. तळघरात कितीतरी दिवस मी ते बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, आणि नंतर कायम जात राहिले. तुझं नावही लक्षात नसताना मी तुझं तोंड वापरलं, गया. मग आपली फिटंफाट झाली की नाही, यावर एक चहा सहज भांडता आलं असतं.

शेवटचा भाग जवळजवळ झाला होता. राहिलं होतं ते एकच दृश्य. आडाला पाणी लागतं. कॅमेरा वरून, खाली तळाशी तू, एवढीशी. तू मान वर करून काहीतरी बोलतेस आणि काठावरच्या बाया हसतात. पुण्यात तिथं मला वाक्य होतं, "आई, तुझ्या लेकीनं पाणी आणलं गं!" ते मला पक्कं आठवतं, कारण माझं वाक्य संपलं तरी तुझे ओठ हलतच होते. तिथले लोक म्हणाले, लांबून आहे, कुणाला दिसत नाही.

आपण ते दृश्य पुन्हा पुन्हा लावलं. चेहरा सावलीत, ओठ नीट दिसेनात. मला वाचता येईना आणि तुला आठवेना.

"काय बोल्ले असन मी?"

"नानांनी लिहिलेलं असेल तेच."

"नाय. लिहिलेलं असतं तर बाया हसल्या नसत्या." तू पदर सावरून उठलीस. "गावाला गेले की इचारते कुनाला. तवर ऱ्हाऊ दे."

तू गावाला गेली नाहीस. भाऊरावांचा सकाळी फोन आला तेव्हा मी स्टुडिओत निघायच्या तयारीत होते. "ताई, पोरांची आई गेली," एवढंच म्हणाले. फोन दोघांनीही तसाच धरून ठेवला.

तुझे दिवस झाल्यावर केतकी आली. तीही अवघडलेली होती. म्हणाली, "मावशी, एकच वाक्य राहिलंय. तुम्ही म्हणून टाकता का? जुनंच म्हणा." मी स्टुडिओत गेले. माइकपुढं उभी राहिले. रफिकनं चित्र सुरू केलं, तू मान वर केलीस आणि माझ्या तोंडून काही आलं नाही. आवाज बसला नव्हता, गया. तुझ्या तोंडात पुन्हा एकदा माझं वाक्य घालायची हिंमत नव्हती. मी बाजूला झाले. "ते मुकंच राहू दे," म्हणाले.

"शेवटचंच वाक्य, मावशी! लोकांना वाटेल आवाज बिघडलाय."

"वाटू दे."

दहा भागांबद्दल केतकीनं भाऊरावांना विचारलं. ते म्हणाले, "ते तिचं आन् ताईचं भांडन व्हतं. ताई म्हन्तील तसं करा." म्हणजे मी जिंकले. असं जिंकून कुणाला सुख होतं? दहा भाग माझ्याच आवाजात ठेवले. पण आता प्रत्येकाच्या सुरुवातीला तुझं नाव येतं, त्याखाली माझं येतं, आणि एक ओळ येते की कौसा मुळात पिशोरच्या बोलीत बोलली होती, तो आवाज आज उपलब्ध नाही. ती ओळ मी लिहिली. तुझ्या आईसाठी एवढंच जमलं. तुला ते पुरलं नसतं, मला माहीत आहे.

इंटरनेटवर टाकायच्या आधी केतकीनं शेवटचे तीन भाग पिशोरला दाखवायचं ठरवलं. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या, तरी दुपारचं ऊन फटींतून येत होतं. माणसं बरीच आली. भाऊराव पार मागं, दारापाशी उभे. तुझी नर्मदावहिनी पुढं खुर्चीत, हातात काठी. तू नेहमी तिच्या गोष्टी सांगायचीस, मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

चित्र सुरू झालं. याच गावात एकदा लोक हसले होते. आता पंचविशीच्या तोंडातून म्हातारीचा आवाज येणार. तू पडद्यावर आलीस, बोललीस, आणि हॉलमध्ये नुसती कुजबुज झाली. एका पोरानं आईला विचारलं, "ही अशी कामून बोल्ती?" आई म्हणाली, "आपल्यावानीच तर बोल्तीय. गप बस." थोड्या वेळानं बाया पडद्याला उत्तरं द्यायला लागल्या. दीर आला तेव्हा एकीनं त्याला चांगली शिवी हासडली. रडणं आलं तेव्हा मी खाली मान घातली.

मग शेवटचं दृश्य. पाणी लागलं. काठावर बाया जमल्या. तू खालून मान वर केलीस, ओठ हलले आणि आवाज आला नाही. पडद्यावरच्या बाया आवाजाशिवाय हसल्या. हॉलमध्ये सगळे मागं वळून केतकीकडं बघायला लागले की काय बिघडलं. आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. नर्मदावहिनी. हसता हसता तिनं काठी खाली टाकली आणि डोळे पुसायला लागली.

मी उठून तिच्यापाशी गेले. "वहिनी, तुम्ही होतात का तिथं?"

"व्हते की. ती काय, लाल लुगड्यात, काठाला. मीच तर हसू राह्यले."

"काय म्हणाली ती? आठवतंय तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं?" ती पडद्याकडं बघत म्हणाली. चित्र थांबलेलं होतं आणि तू तळाशी उभी होतीस. "मे महिना व्हता. वर असं ऊन का पाय टेकवना. काम झालतं तिचं. समदे वरून वरडू राह्यले, गये वर ये, वर ये आता. आन् ही खालून काय म्हन्ती, 'वरडू नका. लई गार हाय हितं. पान्यात पाय सोडून बसते जराशीक.'"